औषधं हातात आल्यावर समजावून सांगा

मा. संपादक,
स. न.

नाशिकच्या आरोग्यसेवेविषयी वर्तमानपत्रात जे छापून येतं ते बहुतेक खाटांविषयी असतं. सरकारी रुग्णालयात खाटा पुरत नाहीत, अतिदक्षता विभागात जागा मिळत नाही, आता सिंहस्थ तोंडावर आला म्हणून आणखी खाटा वाढवा. मागणी रास्तच आहे. पण बरा झाला म्हणून घरी सोडलेला माणूस महिन्याच्या आत त्याच दुखण्यासाठी पुन्हा येऊन खाट अडवतो, त्याच्याविषयी कुणी लिहीत नाही. मी लिहिते, कारण रुग्णालयाची पायरी उतरल्यावर तो सगळ्यात आधी माझ्यासारख्यांकडे येतो.

मी डी. फार्म. झालेली आहे आणि मुंबई नाक्याच्या बाजूला बरीच वर्षं मेडिकल चालवते. आसपास लहानमोठी रुग्णालयं पुष्कळ. संध्याकाळी पाच ते आठ ही आमच्याकडे डिस्चार्जची वेळ. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात, मग फाइल बिलिंगला जाते, तिथून टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या संस्थेकडे, आणि पेशंट सुटतो तो दिवेलागणीला. नातेवाईक एका हातात चादरी-डब्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन काउंटरवर येतात. बिल भरून खिसा रिकामा झालेला असतो. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो. कागदावर महिन्याची औषधं लिहिलेली असतात आणि समोरचा म्हणतो, “ताई, सध्या पाच दिवसांचीच द्या.”

मी विचारते, कोणती गोळी कशासाठी ते सांगितलंय ना? “हो, सिस्टरनी सगळं सांगितलं.” काय सांगितलं? यावर बहुतेक वेळा मुलगा सुनेकडे बघतो आणि सून मुलाकडे.

यात सिस्टरचा दोष नाही. त्यांनी सांगितलेलं असतं, आणि नीटच सांगितलेलं असतं. अडचण अशी की त्या सांगतात तेव्हा औषधं कुणाच्याच हातात नसतात. त्या कागदावरची नावं वाचून दाखवतात, ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री, ही अर्धी. मग नातेवाईक बाहेर येऊन औषधं विकत घेतात आणि थेट घरी जातात. कागदावरचं नाव आणि पिशवीतली पट्टी यांची गाठ घालून द्यायला कुणीच नसतं. ते काम माझ्या काउंटरवर, मागे पाच गिऱ्हाइकं उभी असताना, दोन मिनिटांत उरकावं लागतं.

दोन मिनिटांत ते होत नाही, कारण गुंता मोठा आहे. वॉर्डात दिलेली गोळी रुग्णालयाच्या स्वतःच्या फार्मसीतली, एका कंपनीची. डिस्चार्ज कार्डावर दुसऱ्या कंपनीचं नाव. चिठ्ठीवरच्या शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचं द्यायला कायद्याने आम्हाला मनाई आहे, म्हणून तेच नाव शोधत माणूस चार दुकानं फिरतो किंवा डॉक्टरांना फोन लावून बदली नाव मंजूर करून घेतो. स्वस्त पडतं म्हणून कुणी जनऔषधी केंद्रात गेला की तिथे तिसरंच पाकीट. आणि घरी टीव्हीवरच्या डब्यात ॲडमिट होण्याआधीच्या जुन्या गोळ्या असतातच. औषध एकच, नावं चार. औषधाचं मूळ नाव, तेही वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम मेडिकल कौन्सिलने 2016 सालीच केलेला आहे. तो पाळलेली चिठ्ठी आली की मी आजही ती दोनदा बघते, इतकी ती दुर्मिळ.

पंचवटीतल्या एका आजींचं सांगते. हृदयाची गती आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना मेटोप्रोलॉल पूर्वीपासून चालू होतं. ॲडमिट झाल्या, सुटल्या, नवीन कागदावर तेच औषध वेगळ्या नावाने आलं. जुनी गोळी बंद करा, असं कागदावर कुठेच नव्हतं, कारण जुनी गोळी घरात आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. आजी शिस्तीच्या. दोन्ही गोळ्या वेळच्या वेळी घेत राहिल्या. नाडी मंदावली, चक्कर येऊन न्हाणीघरात पडल्या आणि कपाळाला टाके घेऊन परत खाटेवर. एक गोळी विसरली असती तर पडण्यातून वाचल्या असत्या. त्यांचा मुलगा नंतर दोन्ही पट्ट्या घेऊन माझ्याकडे आला, “ताई, ह्या दोन्ही सारख्याच का?” हा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी विचारला जायला हवा होता. मुलाने नाही, आपण आरोग्याच्या धंद्यात असलेल्यांनी.

सगळ्यात जास्त परत येतात ते हृदय कमजोर झालेले, ज्यांना डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदयाचा पंप कमी पडला की शरीरात पाणी साचतं. पायांना सूज, उताणं झोपलं की धाप, रात्री उठून खिडकीशी बसावं लागणं. ते पाणी काढायला फ्युरोसेमाइडसारखं औषध देतात, लोक त्याला सरळ लघवीची गोळी म्हणतात. ती घेतली की तासाभरात वारंवार लघवीला जावं लागतं. आता विचार करा, पेठ तालुक्यातले एक म्हातारे बाबा सुटल्याच्या दुसऱ्या सकाळी घरी जायला निघाले आहेत. एसटीचा प्रवास, वाटेत घाट, थांबा कुठे मिळेल सांगता येत नाही. अशी गोळी कोण घेईल? त्यांनी त्या दिवशी नाही घेतली. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, म्हणून नाही घेतली. नंतर गावात लग्न होतं. सूज घोट्यावरून पोटरीवर चढली तरी त्यांना ती वयाची वाटली. मुलगा पुढच्या वेळी माझ्याकडे आला तो ऑक्सिजनवर असलेल्या बापासाठी इंजेक्शनं न्यायला. मी विचारलं, गोळीची वेळ बदलून घेता येते, हे कुणी बोललं होतं का? प्रवासाच्या दिवशी ती घरी पोचल्यावर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण एसटीचा विचार करून डिस्चार्ज कार्ड लिहिणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे.

या रुग्णांसाठी वजनकाटा हे औषधाइतकंच मोलाचं साधन आहे. सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, रोज वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. तेव्हाच डॉक्टरांना फोन केला तर गोळीचा डोस बदलून भागतं. धाप लागेपर्यंत थांबलं तर ॲडमिट. इतकी साधी गोष्ट कार्डावर कुठे असते? ‘सॉल्ट रिस्ट्रिक्टेड डाएट’ अशी इंग्रजी ओळ मात्र छापलेली असते. तिचा अर्थ घरच्यांना कळलाच तरी त्यांना वाटतं, भाजीत मीठ कमी घातलं की झालं. आपल्या नाशकात मिसळीच्या आधी पापड येतो, घरोघरी कुरडया आणि कैरीचं लोणचं, चिवड्याचा डबा तर कधी रिकामा होत नाही. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ सांगते. आजारी माणसाचं ते भाजीतून नाही, ताटाच्या डाव्या बाजूने पोटात जातं. हे त्याच्या बायकोला सांगायला हवं, तेही पापडाचं नाव घेऊन.

इन्सुलिनचं तर विचारूच नका. आपल्याकडे कुपीत 40 युनिटचं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट असलेलं, इन्सुलिन मिळतं तसं 100 युनिटचंही मिळतं आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात 20 नाही, 50 युनिट जातात. साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘20 युनिट’ असतं. सिरिंज कोणती, ते नातेवाईक मलाच विचारतात, आणि घाईत असले की तेही विचारत नाहीत, ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हणतात. दम्याच्या यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे काका तर दर थंडीत एखादे भेटतातच.

आमच्या धंद्याचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. गुडघा दुखतो म्हटल्यावर डायक्लोफेनॅकची पट्टी चिठ्ठी न बघता सरकवणारे आमच्यात आहेत. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्याला त्या गोळीने पाणी साचतं, लघवीच्या गोळीचा परिणाम कमी होतो आणि आठवड्यात तो परत ॲडमिट. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाला औषध समजावून देणं हे फार्मासिस्टचं कर्तव्यच ठरवलेलं आहे. किती दुकानांत ते होतं, हे वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावं.

यावर डॉक्टर म्हणतील, परत येणारा प्रत्येक जण टाळता येण्यासारखा नसतो. खरं आहे. कॅन्सरचा रुग्ण, शेवटच्या टप्प्यातली किडनी, हे परत येणारच, यायलाच हवेत. कधी कधी तर परत येणं हेच शहाणपणाचं असतं. माझं म्हणणं आजी आणि बाबांसारख्यांपुरतं आहे.

परदेशात हा विषय फार पूर्वीच ऐरणीवर आला. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या रुग्णांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला, त्यात सुटलेल्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तीस दिवसांत परत ॲडमिट झालेला आढळला. शस्त्रक्रिया नसलेल्या आजारांत जे परत आले, त्यांतल्या निम्म्यांनी मधल्या काळात कुठल्याही डॉक्टरची भेट घेतल्याची नोंद नव्हती. सरकारने मग 2012 पासून ठरावीक आजारांचे रुग्ण प्रमाणाबाहेर परतणाऱ्या रुग्णालयांचे पैसे कापायला सुरुवात केली, आता ती कपात तीन टक्क्यांपर्यंत जाते. मला विचाराल तर हा दंडाचा मार्ग आपण उचलू नये. गरीब रुग्ण जास्त घेणाऱ्या रुग्णालयांनाच तो जास्त लागतो अशी टीका तिथेही झाली, आणि परत आलेल्याला ॲडमिट न करता ‘निरीक्षणाखाली’ ठेवायच्या पळवाटेवरही बोट ठेवलं गेलं. आपल्याकडे तर माणूस दुसऱ्यांदा भलत्याच रुग्णालयात जातो. पहिल्याला पत्ताच नसतो की आपला रुग्ण परत आडवा झाला. त्याला वाटतं बरा झाला.

घेण्यासारखं आहे ते बोस्टनच्या एका रुग्णालयाचं. तिथे घरी जाण्याआधी एक नर्स रुग्णापाशी बसून औषधं, पुढच्या भेटीच्या तारखा, काय झालं तर काय करायचं, हे सोप्या पुस्तिकेतून समजावत असे आणि सुटल्यावर दोन ते चार दिवसांत एक फार्मासिस्ट घरी फोन करून औषधांची उजळणी घेत असे. एवढ्यावर तीस दिवसांतलं परत ॲडमिट होणं आणि तातडीच्या विभागात येणं मिळून सुमारे तीस टक्क्यांनी घटलं. फार्मासिस्ट फोन करतो हे वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

पण बोस्टनला जायचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, तिच्यावरून देशाचा कार्यक्रम झाला. आज रुग्णालयात बाळंतीण झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, धोक्याची लक्षणं बघते. म्हणजे सुटल्यावर घरी जाऊन बघायचं असतं, हे आपल्या व्यवस्थेला चांगलं ठाऊक आहे. पेठच्या बाबांच्या पाड्यावरही आशा होती. तिला बाबा सुटून आले हे कळवणारं कुणी नव्हतं, आणि कळलं असतं तरी तिच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. आशांवर आधीच नको तितकी कामं लादलेली आहेत आणि मोबदला तुटपुंजा, तेव्हा हे काम द्यायचं तर त्याचे पैसेही द्यावेत, फुकट नको.

गंमत बघा, विम्याच्या कॅशलेस रुग्णाला सोडताना विमा कंपनीने तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यावी असा 2024 पासून नियम आहे. पैशाच्या हिशेबाला घड्याळ लागलं. त्याच तीन तासांत रुग्ण नुसता बसून असतो, नातेवाईक बिलिंगच्या खिडकीशी उभा. त्या वेळेत औषधं वॉर्डात आणून ती समजावता येतील, कुणाचंही काम न अडवता. आयुष्मान भारत योजनेत तर सुटल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतच्या तपासण्या आणि औषधांचा खर्चही धरलेला आहे. माझ्या काउंटरवर ‘पाच दिवसांचीच द्या’ म्हणणाऱ्यांत या योजनेतले लोक असतात. मी त्यांना परत पाठवते, आधी रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा म्हणून. काही जण माझ्याकडे अशा नजरेने बघतात की ही बाई धंदा का घालवते आहे.

तर माझी मागणी मोठी नाही. औषधं आधी खाटेपाशी येऊ द्यावीत, घरातल्या जुन्या गोळ्यांची पिशवीही मागवावी, आणि मग सिस्टरने किंवा फार्मासिस्टने एकेक पट्टी हातात धरून सांगावं. सांगून झालं की रुग्णाच्या घरच्यांनाच उलट विचारावं, आता तुम्ही मला सांगा, कोणती कधी? यात ते अडखळले तर दोष सांगणाऱ्याचा समजावा आणि पुन्हा सांगावं. घरात गोळ्या देणारी व्यक्ती कोण, हे विचारून तिलाच समोर बसवावं. बऱ्याचदा कागदावर सही मुलगा करतो आणि गोळ्या देते सून, जी त्या दिवशी मुलांची शाळा सांभाळत घरी असते. बंद झालेल्या गोळ्यांची नावं कार्डावर वेगळी लिहावीत. शेवटी मोठ्या मराठी अक्षरांत चार ओळी, कोणतं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी यायचं, आणि रात्री-बेरात्री उचलला जाणारा एक फोन नंबर. रुग्णालयांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निकषांत तातडीची मदत कधी आणि कशी घ्यायची ते डिस्चार्ज कार्डावर समजेल असं लिहिण्याची अट आहेच. भिंतीवर मानांकनाची पाटी लावणाऱ्यांनी ती अट एकदा काढून वाचावी. आणि तिसऱ्या दिवशी एक फोन. गोळ्या मिळाल्या का, सूज आहे का, वजन किती. एवढंच.

माणसं कुठून आणायची, असं म्हणतील. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. राज्यभरची बहुतेक नर्सिंग आणि वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्याशी संलग्न आहेत. शेवटच्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुलींनी ठरावीक रुग्णांना असे फोन करणं हा प्रात्यक्षिकाचा भाग का होऊ नये? त्यांना जितकं कळेल तितकं वॉर्डात उभं राहून कळणार नाही. फोनवर म्हातारा माणूस खरं बोलतो, राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोर नाही. जिल्हा रुग्णालयाने आणि महापालिकेच्या रुग्णालयांनी एखाद्या मेडिसिन वॉर्डात, फक्त हृदयाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांपुरतं, सहा महिने हे करून बघावं आणि किती परत आले ते मोजून जाहीर करावं. आकडा वाईट आला तरी छापावा.

आणि एक विनंती खासगी डॉक्टरांना. सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या माणसाला शनिवारी संध्याकाळी सोडू नका. त्या रात्री त्याला गाडी नसते, रविवारी बरीच दुकानं बंद, सोमवारी त्याला वाटतं गोळ्यांवाचूनही बरं चाललंय.

आमच्या केमिस्ट मंडळींनी मनावर घेतलं तर दुपारी दोन ते चार या मंदीच्या वेळेत पाळीपाळीने एकेक फार्मासिस्ट वॉर्डात जाऊन बसू शकतो. माझ्यापुरतं मी तयार आहे. कोणत्याही रुग्णालयाने बोलवावं, स्वतःच्या दुकानातली औषधं विकण्याचा विषय तिथे काढणार नाही, हे लिहून देते. ज्यांच्या चिठ्ठ्यांवर माझं दुकान चालतं त्यांच्याविषयीच हे पत्र आहे, तेव्हा नाव छापू नये. बोलावणं आपल्या कार्यालयात आलं तर ते माझ्यापर्यंत पोचवावं, माझा नंबर पाकिटावर दिला आहे.

आपली,
एक फार्मासिस्ट, नाशिक